बांधी, धुरा आणि एंटर

तुमसरहून बपेऱ्याच्या रस्त्याला लागले की सिहोरा येते. मध्य प्रदेशाची हद्द इथून फार लांब नाही. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान असते आणि धानाचे शेत म्हणजे बांध्यांची गोधडी. हा मुलूख ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, बांधी म्हणजे चहूबाजूंनी धुरा घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. धुरा खचला की वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते आणि दोन्हींचा मेळ बिघडतो. उगाच रुंद धुरे घातले तर धानाची जागा गवताला जाते. या प्रकरणातले दुखणे अगदी असेच आहे, फक्त ते शेतातले नसून पडद्यावरचे आहे.

उदाहरणासाठी सिहोऱ्याचे एक गुरुजी घेऊ. हे गुरुजी माझ्या कल्पनेतले आहेत, पण असे गुरुजी प्रत्येक तालुक्यात दोनचार तरी निघतील. शाळेतून निवृत्त झालेले, तरुणपणी टायपिंगची परीक्षा दिलेले, मुलाचा जुना लॅपटॉप वारशाने (म्हणजे उलट्या वारशाने) मिळालेले. त्यांनी रोवणीवर, म्हणजे धानाच्या लावणीवर, लेख लिहिला. पऱ्हे (म्हणजे धानाची रोपे) कधी टाकायचे, चिखलणी कशी करायची, रोवणाऱ्या बायकांची रांग मागे मागे कशी सरकते, सारे आले. वर्डमध्ये लेख देखणा दिसत होता. पुतण्याने एका संकेतस्थळावर खाते उघडून दिले होते. गुरुजींनी लेख उचलला, तिथल्या चौकटीत चिकटवला, आणि पाहतात तो काय, दोन परिच्छेदांच्या मध्ये बैलजोडी वळवता येईल एवढे रान मोकळे! गुरुजींनी ती जागा पुसायला बॅकस्पेस दाबली. एकदा दाबली तर काही हलले नाही, पुन्हा दाबली तर दोन्ही परिच्छेद एकमेकांत शिरले. वेगळे करायला एंटर दाबले तर रान पुन्हा हजर.

गुरुजींचे काही चुकले नव्हते. वर्डचेही चुकले नव्हते, संकेतस्थळाचेही नाही. ‘परिच्छेद संपला’ ही गोष्ट तिघांनी तीन वेगवेगळ्या रीतींनी सांगितली, आणि तिन्हींची बेरीज पडद्यावर उमटली.

गुरुजींची रीत टाइपरायटरवरची. त्या यंत्रावर ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग डाव्या हाताने दांडी ओढायची. त्या एका ओढीत दोन कामे होत, कागद धरणारा गाडा पुन्हा सुरुवातीला येई आणि कागद एक ओळ वर सरके. ही दोन कामे वेगळी आहेत हे संगणक विसरला नाही. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाची अक्षरसंहिता ठरली, तिच्यात गाडा मागे नेण्याला १३ क्रमांक मिळाला आणि कागद सरकवण्याला १०. पुढे गाडा गेला, कागदही गेला, क्रमांक तेवढे उरले. विंडोज ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही लिहिते, युनिक्स घराण्यातली यंत्रे नुसता १० लिहितात, जुने मॅकिंटॉश नुसता १३ लिहीत. एका यंत्रावरची साधी मजकुराची फाइल दुसऱ्यावर उघडल्यावर सगळा लेख एका लांबलचक ओळीत दिसायचा, किंवा ओळीआड एक ओळ कोरी यायची, त्याचे मूळ या भाऊबंदकीत होते. आता बहुतेक प्रणाली तिन्ही रीती ओळखतात, म्हणून तो त्रास कमी झाला आहे.

पण दांडी ओढण्याची सवय बोटांतून गेली नाही. टाइपरायटरवर शिकलेला माणूस परिच्छेद सुटा दाखवायचा असेल तर दांडी दोनदा ओढे. संगणकावर तो एंटर दोनदा दाबतो. वर्डनेही ही सवय बरीच वर्षे पोसली. २००३च्या वर्डमध्ये एंटर दाबले की नुसती पुढची ओळ येई, मधे जागा सुटत नसे, तेव्हा दुसरे एंटर रास्त होते. २००७च्या आवृत्तीपासून वर्ड प्रत्येक परिच्छेदाखाली आपणहून १० पॉइंट जागा सोडू लागले. २०१३मध्ये ती ८ पॉइंट झाली. म्हणजे धुरा घालायचे काम वर्डने अंगावर घेतले, आणि आपण मात्र पूर्वीप्रमाणे शेजारी आपलाही धुरा घालत राहिलो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर वर्डमध्ये वरच्या पट्टीत उलट्या ‘पी’सारखे दिसणारे, दोन पायांचे चिन्ह आहे, ते दाबावे. कळांनी करायचे तर कंट्रोल, शिफ्ट आणि ८. लगेच लेखाचा एक्स-रे निघतो. प्रत्येक मोकळ्या जागेच्या ठिकाणी ठिपका, टॅबच्या ठिकाणी बाण, जिथे परिच्छेद संपला तिथे तेच दोन पायांचे चिन्ह, आणि जिथे शिफ्ट दाबून एंटर मारले आहे तिथे वाकडा बाण. लिबर ऑफिसमध्ये हीच सोय कंट्रोल आणि एफ-१० या कळांवर आहे, गूगल डॉक्समध्ये ‘व्ह्यू’च्या यादीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपला लेख मुंग्या लागल्यासारखा दिसतो. गुरुजींच्या लेखात प्रत्येक परिच्छेदानंतर ते चिन्ह दोनदा होते, एक परिच्छेदाच्या शेवटी आणि एक खालच्या ओळीत एकटेच. ते एकटे चिन्ह म्हणजे एक अख्खा परिच्छेद आहे. त्यात शब्द नाहीत, एवढेच.

परिच्छेदासाठी जागा सोडणे हे मराठीत फार जुने नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळातले मोडी कागद पाहिले तर आधी पानभर आडवी रेघ मारलेली आणि तिला लोंबणारी अक्षरे, हात न उचलता लिहिलेली. शब्दांच्या मधेही जागा नाही, मग परिच्छेदांच्या मधे कुठून असणार? वाचणाऱ्याने अर्थावरून तोडत जायचे. पोथ्यांमध्ये दंड आणि दुहेरी दंड होते, पण ते मुख्यतः पद्याच्या सोयीचे. स्वल्पविराम, पूर्णविराम ही मंडळी मराठीत रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडींकडे जाते. त्यांचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालचे. छापखान्यांनी परिच्छेदाची जी रीत पाडली ती अशी, की पहिली ओळ थोडी आत घ्यायची आणि मधे कोरी ओळ सोडायची नाही. मराठी पुस्तके आजही बहुधा अशीच छापतात. कागद महाग असतो, कोरी ओळ फुकट जाते. पडद्याला कागदाचा खर्च नाही, म्हणून तिथे उलटी रीत पडली, पहिली ओळ सरळ आणि मधे जागा. छापील पानाची सवय असलेला लेखक आत घेतलेल्या ओळीही घेऊन येतो आणि मधल्या कोऱ्या ओळीही. दोन घरांच्या दोन चाली एकाच पानावर नांदायला गेल्या की ते पान हौशी दिसते. का दिसते ते वाचकाला सांगता येत नाही, पण खुपते.

आता तिसरा भिडू. ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण संकेतस्थळ पाहतो तो, एंटर ओळखतच नाही. वेबपानाच्या भाषेत परिच्छेदाला सुरुवातीची खूण असते आणि शेवटची खूण असते, मधल्या मजकुरात तुम्ही किती एंटर दाबले, किती जागा सोडल्या, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दहा मोकळ्या जागा असल्या तरी तो एकच दाखवतो. परिच्छेदाच्या वर आणि खाली मात्र तो आपल्या हिशेबाने जागा सोडतो. वेगळे काही सांगितले नसेल तर अक्षराच्या आकाराएवढी. अक्षर १६ पिक्सेलचे असेल तर वर १६, खाली १६. दोन परिच्छेद लागोपाठ आले तर खालचे १६ आणि वरचे १६ एकमेकांत विरघळतात आणि मधे १६च उरतात. इथवर छान. आता मधे गुरुजींचा शब्दहीन परिच्छेद घाला. तो खरोखर रिकामा असता तर ब्राउझरने त्याला उंचीच दिली नसती. पण वर्ड अशा परिच्छेदात बाहेर पाठवताना एक न तुटणारी मोकळी जागा भरून देते, त्यामुळे तो रिकामा राहत नाही. त्याला ओळीची उंची मिळते, समजा २४ पिक्सेल. मग मधले अंतर होते १६ अधिक २४ अधिक १६, म्हणजे ५६. सोळाच्या जागी छप्पन्न. बैलजोडी वळायला एवढी जागा पुरते.

वर्डमधली ही सगळी सामग्री चौकटीत पोचते कशी? कापा, उचला, चिकटवा ही युक्ती लॅरी टेस्लर यांची. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, १९७०च्या दशकात, टिम मॉट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ती घडवली. टेस्लर २०२० साली वारले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांत बातमी आली, आणि बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळले की हे कोणीतरी शोधून काढलेले आहे. आपल्याला वाटते, मजकूर उचलला म्हणजे शब्द उचलले. प्रत्यक्षात संगणक एकाच मजकुराच्या दोनतीन प्रती झोळीत टाकतो. एक साध्या शब्दांची, एक वर्डच्या साजशृंगारासह, एक वेबपानाच्या भाषेत उतरवलेली. चिकटवताना समोरची चौकट त्यातली तिला आवडेल ती प्रत उचलते. संकेतस्थळाच्या चौकटीला बहुधा वेबपानाची प्रत आवडते, आणि तिच्याबरोबर वर्डचे अंतर, वर्डचा टंक, वर्डचे रंग आणि वर्डचे शब्दहीन परिच्छेद न बोलावता येतात. लग्नाला एकाला आमंत्रण द्यावे आणि आख्खी आळी यावी तसे. जेवायला वाढावे लागतेच.

आता उपाय. पहिला, मुळावरचा. संकेतस्थळावर नेण्यापूर्वी वर्डमध्येच शब्दहीन परिच्छेद काढून टाकावेत. ‘शोधा आणि बदला’ ही खिडकी कंट्रोल आणि इंग्रजी ‘एच’ने उघडते. शोधायच्या जागी सहाच्या कळीवरची टोपीसारखी खूण आणि तिला जोडून इंग्रजी लहान ‘पी’, ही जोडी दोनदा लिहायची. बदलायच्या जागी हीच जोडी एकदाच. ‘सगळे बदला’ दाबले की दोन एंटरांचे एक होते. एवढ्यावर थांबू नये. कुठे तीन, कुठे चार एंटर असतात, म्हणून बदललेल्यांचा आकडा शून्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. शेवटी शेवटी आकडा एकावर अडून बसला तर लेखाच्या तळाशी पाहावे, तिथले एंटर वर्ड सोडत नाही, ते हाताने पुसावे. लिबर ऑफिसवाल्यांना नियमित पदावलीची सोय चालू करून टोपी आणि डॉलर एवढीच दोन चिन्हे शोधता येतात, त्यातून थेट रिकामे परिच्छेद सापडतात.

दुसरा उपाय चिकटवतानाचा. कंट्रोल आणि ‘व्ही’ऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि ‘व्ही’ दाबले की बहुतेक ब्राउझर झोळीतली साध्या शब्दांची प्रत उचलतात. मोबाइलवर बोट दाबून धरले की ‘साधा मजकूर म्हणून पेस्ट करा’ असा पर्याय पुष्कळदा मिळतो. जुने लोक आधी नोटपॅडमध्ये चिकटवतात आणि तिथून पुन्हा उचलतात, ती युक्तीही खरी आहे, कारण जुन्या नोटपॅडला साज ठाऊकच नाही. किंमत एवढीच, की ठळक आणि तिरपी अक्षरे, दुवे सगळे उतरते. माझे मत विचाराल तर लेखात दोनचारच ठळक शब्द असतील तर ते नंतर हाताने करावेत. साज वाचवायला गेलेले तास मी मोजले आहेत, ते नेहमी जास्त भरतात.

साधा मजकूर चिकटवला म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. इथे उलटे दुखणे सुरू होते. काही ठिकाणी एक एंटर म्हणजे काहीच नसते, परिच्छेद हवा असेल तर पूर्ण कोरी ओळ लागते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा स्रोत संपादक असाच आहे. गुरुजींनी वर्डमध्ये सगळे दुहेरी एंटर कष्टाने एकेरी केले आणि सिहोऱ्याविषयीची माहिती तिथे नेऊन चिकटवली, तर साऱ्या बांध्यांचे धुरे फुटून एकच तळे होते. तिथे उलट बदल करावा लागतो, एकाचे दोन. शिवाय विकिपीडियावर ओळीच्या आरंभी एक जरी मोकळी जागा पडली तरी तो परिच्छेद एका चौकटीत, टंकलेखनासारख्या अक्षरात जाऊन बसतो आणि ओळ न मोडता उजवीकडे पळत सुटते. टायपिंगच्या शिस्तीत वाढलेले गुरुजी नव्या परिच्छेदाआधी जागेची कळ चारपाच वेळा दाबणार, आणि मग त्यांचा प्रत्येक परिच्छेद पिंजऱ्यात. त्यावर उपाय एकच, ओळीच्या आरंभीच्या जागा काढणे.

वर्डप्रेस हे संकेतस्थळे चालवायचे साधन २००३चेच, पण त्याने मधली वाट काढली. त्याच्या जुन्या संपादकात कोरी ओळ आली की नवा परिच्छेद आणि नुसते एंटर आले की त्याच परिच्छेदात नवी ओळ, असे भाषांतर ते आपणहून करी. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून तिथे ठोकळ्यांचा संपादक आहे, प्रत्येक परिच्छेद हा स्वतंत्र ठोकळा. त्यात एंटर म्हणजे नवा ठोकळा, शिफ्टसह एंटर म्हणजे ठोकळ्यातच नवी ओळ. दंडार या इथल्या लोकनाट्यातल्या गाण्याच्या ओळी लिहायच्या असतील तर हे शिफ्टचे एंटर फार उपयोगी. गाण्याच्या चार ओळी हे चार परिच्छेद नव्हेत, एकाच बांधीतल्या धानाच्या रांगा आहेत, त्यांच्या मधे धुरा कशाला? उलट गद्य लिहिताना हीच कळ घातक ठरते. काही लोक मधली जागा नको म्हणून सगळीकडे शिफ्टचे एंटर मारतात. दिसायला लेख ठीक, पण यंत्राच्या लेखी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच परिच्छेद असतो. मग एका ओळीला मधोमध करायला जावे तर आख्खा लेख मधोमध येतो.

सगळ्यांत किचकट प्रकार पीडीएफचा. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या स्मरणिकेत गुरुजींचा जुना लेख छापून आला होता, त्याची पीडीएफ आहे, मूळ फाइल कुणाकडे नाही. पीडीएफमध्ये मुळात परिच्छेद नसतात. कुठले अक्षर पानावर कुठे ठेवायचे याची ती नोंदवही असते. तिच्यातून मजकूर उचलला की प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी एंटर येते, आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर एक ओळ लांब, एक तोकडी, एक लांब, एक तोकडी, असा लंगडा मजकूर दिसतो. छायाचित्रावरून अक्षरे ओळखणाऱ्या सोयीतून आलेल्या मजकुराचेही हेच.

इथे घाईने सगळे एंटर पुसले तर खोट्या धुऱ्यांबरोबर खरेही जातात. म्हणून आधी खऱ्या धुऱ्यांवर खुंट्या रोवायच्या. जिथे परिच्छेद खरोखर संपतो तिथे मजकुरात दोन एंटर असतील तर त्या जोडीच्या जागी एखादी कधीच न येणारी खूण घालावी, समजा तीन तारका. दोन नसतील तर डोळ्यांनी वाचत जाऊन तारका हाताने घालाव्यात. त्याला पर्याय नाही, आणि पाचसात पानांच्या लेखाला अर्धा तासही लागत नाही. मग उरलेल्या प्रत्येक एंटरच्या जागी एक मोकळी जागा. आता आख्खा लेख एक ओळ होतो, घाबरू नये. शेवटी तीन तारकांच्या जागी एक एंटर. खुंट्या, नांगरट, मग पुन्हा धुरे. क्रम चुकला तर कंट्रोल आणि ‘झेड’ आहे. शेतात ती सोय नाही.

स्मरणिका जुनी असेल तर आणखी एक विघ्न येते. युनिकोड रुळण्याआधी डीटीपीची दुकाने श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांत काम करत, काही अजूनही करतात. त्या मजकुरात आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, टंक त्यांना मराठी मुखवटा घालतो. साधा मजकूर म्हणून चिकटवला की मुखवटा गळतो आणि खालची गिचमिड दिसते. त्यासाठी त्या त्या टंकाचे रूपांतरक वापरावे लागतात, आणि ते काम परिच्छेदांच्या आधी उरकावे, नंतर नव्हे.

आता ज्यासाठी हे प्रकरण सिहोऱ्यात नेले तो मुद्दा.

मोकळ्या जागांनी वैतागलेला माणूस शेवटी एखादे सफाईयंत्र शोधतो. ‘मजकूर इथे चिकटवा, नको असलेल्या अदृश्य खुणा आम्ही काढू’ असे सांगणारी पाने पुष्कळ आहेत. त्यातली काही ‘इंग्रजी नसलेली सर्व अक्षरे काढा’ अशीही सोय देतात. ती टिचकी मारली तर मराठी लेखाचे काय होईल हे सांगायला नको, निदान ते लगेच कळते तरी. खरा धोका गुपचूप काम करणाऱ्यांचा आहे. अदृश्य खुणांमध्ये न तुटणारी जागा असते, ती गेलेली बरी. शून्य रुंदीची जागा असते, तीही जावी. पण त्याच टोपलीत शून्य रुंदीचा एक जोडणारा असतो, युनिकोडमधला त्याचा क्रमांक २००डी. तो दिसत नाही, जागा घेत नाही, छापल्यावर उमटत नाही. मराठीत मात्र तो काम करतो.

‘सूर्य’मधला र य-च्या डोक्यावर चढतो. ‘सिहोऱ्यात’मधला र डोक्यावर चढत नाही, य-च्या आधी आडव्या कोरीसारखा बसतो. दोन्ही उच्चार वेगळे आहेत. पहिल्यात र-चा आघात मागच्या अक्षरावर पडतो, दुसऱ्यात पडत नाही. आचार्यांना दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यांना दिलेली बिदागी यांतला फरक त्या एका कोरीवर तोललेला आहे. दऱ्या डोंगरात आणि दर्या कोकणात. हिंदीला ही कोर लागत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असे गृहीत धरून बनवलेल्या साधनांना ती खोटी किंवा फालतू वाटते.

संगणकावर ही कोर दोन वाटांनी येते. एक वाट म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’च्या कळीवर मिळतो. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त, आणि पाठोपाठ तो अदृश्य जोडणारा. जुन्या टंकांची काही रूपांतरके आणि काही कळफलक ही दुसरी वाट धरतात. दोन्ही वाटांनी आलेला शब्द पडद्यावर एकसारखाच दिसतो. सफाईयंत्र फिरले की पहिला जसाच्या तसा राहतो आणि दुसऱ्यातला जोडणारा झाडला जातो. मागे उरतो साधा र आणि हलन्त, आणि तो नियमाप्रमाणे य-च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘सिहोऱ्यात’चे ‘सिहोर्यात’ होते.

आणि या मुलखात तर पाऊल टाकाल तिथे ही कोर आहे. सिहोरा, बपेरा, भंडारा ही तिन्ही गावे आकारान्त, विभक्तीचा प्रत्यय लागला की सिहोऱ्याला, बपेऱ्याहून, भंडाऱ्यात. धुऱ्यावर बसलेला शेतकरी, त्याचे शेतकऱ्यांनी, आणि रोवणीच्या लेखाचा जीव ज्या शब्दात तो पऱ्हे. सफाईनंतर तो ‘पर्हे’ होतो. साताऱ्याकडच्या वाचकाला हे सांगायला नको, त्याचे कऱ्हाड असेच ‘कर्हाड’ झालेले त्याने कुठे ना कुठे पाहिलेले असते. मोकळी जागा घालवायला गेलेल्या गुरुजींच्या लेखात जागा गेली, आणि जाता जाता गावाच्या नावाचा उच्चार घेऊन गेली. हे सहज लक्षातही येत नाही, कारण लेख प्रसिद्ध झाल्यावर आपण परिच्छेद नीट बसले का तेवढेच पाहतो. लिहिणारा आपले शब्द वाचत नाही, ते त्याला पाठ असतात.

या दोन वाटांची एक अडचण वाचकालाही होते. काही बिघडले नाही तरी दोन वाटांनी लिहिलेला ‘सिहोऱ्यात’ हा शब्द शोधताना यंत्राला दोन वेगळे शब्द वाटू शकतात. डोळ्यांना एकच दिसणारी गोष्ट शोधून सापडत नाही, आणि आपण म्हणतो की यावर कोणी लिहिलेलेच नाही. म्हणून माझा आग्रह पहिल्या वाटेचा, टिंबवाल्या ऱ-चा. एकदा ‘शोधा आणि बदला’ वापरून लेखभर तोच करून घेतला की पुढे कुणी कितीही झाडू मारला तरी कोर जागेवर राहते. सफाईयंत्र टाळता आले तर उत्तमच. वर्डमधले शब्दहीन परिच्छेद काढायला बाहेरचे यंत्र लागत नाही, हे वर पाहिले.

परिच्छेद आवरून झाले, कोऱ्या ओळी गेल्या, तरी प्रसिद्ध करण्याआधी लेख एकदा मोबाइलवर पाहावा. मोबाइलच्या रुंदीत मराठीचे पाचसहा शब्द एका ओळीत मावतात. वर्डमध्ये सुटसुटीत वाटलेला शंभर शब्दांचा परिच्छेद तिथे सतराअठरा ओळींचा होतो. यावर तोडगा म्हणून हल्ली दर वाक्याला परिच्छेद करायची फॅशन आहे. मला ती धुऱ्यांनीच भरलेल्या शेतासारखी वाटते. पण दोनशे शब्दांचा परिच्छेद जिथे विचार वळतो तिथे मोडायला हरकत नसावी, छापील पुस्तकात तो अखंड शोभला असता तरी.

मग शेवटचा फेरा. प्रसिद्ध करण्याच्या पानावरच कंट्रोल आणि ‘एफ’ दाबून आधी ‘र्य’ शोधावे, मग ‘र्ह’, आणि सापडेल त्या प्रत्येक ठिकाणी थांबून तो शब्द मोठ्याने म्हणावा. आपल्या गुरुजींनी म्हणून पाहिला. सूर्य बरोबर होता. कार्य बरोबर, आश्चर्य बरोबर. चौथ्या ठिकाणी ते अडखळले, चष्मा पुसला, आणि ‘भंडार्याला’मधल्या य-च्या डोक्यावरचा रफार काढून तिथे शिफ्ट धरून ‘जे’ दाबला. पाचवा शब्द त्यांच्याच गावाचा होता.